स्थानिक दूरध्वनी-संस्था : तिचे सूचनापत्रक आणि अल्प उत्पन्नवाल्यांची सवलत

व्यापार मालावर चालतो तितकाच वार्तेवरही चालतो. परगावचा भाव, माल रवाना झाल्याची खबर, हुंडी सकारल्याचा निरोप वेळेवर कळला तर पेढी तरते; तोच निरोप दोन दिवस उशिरा पोचला तर नफ्याचे तोट्यात रूपांतर होते. म्हणून आपल्या व्यापारी घराण्यांनी पूर्वी कासीद पोसले, पुढे तारेचा खर्च सोसला आणि त्याहीपुढे ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहिली. आज दूरध्वनी प्रत्येकाच्या खिशात आला आहे. परंतु तो आला कसा, त्याचा खर्च कोण सोसतो आणि ज्यास तो परवडत नाही त्याची काय व्यवस्था असते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

दूरध्वनीचा एक विशेष असा की, तो एकट्याच्या उपयोगाचा नाही. आपल्या दुकानातील तराजू शेजाऱ्याकडे तराजू नसला तरी माल तोलतोच. दूरध्वनीचे तसे नाही. पलीकडे कोणी उचलणारा नसेल तर आपले यंत्र निरुपयोगी. जितकी घरे तारेने जोडली जातात तितके प्रत्येकाच्या यंत्राचे मोल वाढते. यावरून असे दिसून येईल की, गरिबाच्या घरी दूरध्वनी असणे हा केवळ दयेचा प्रश्न नसून हिशेबाचाही प्रश्न आहे. हा हिशेब अमेरिकेतील संयुक्त संस्थानांनी पुष्कळ वर्षे मांडून पाहिला आहे. तेथील छोट्या गावांतील स्थानिक दूरध्वनी-संस्था आपल्या ग्राहकांस वेळोवेळी सूचना कशा देतात, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस सवलत कशी मिळते आणि ती पुष्कळांपर्यंत का पोचत नाही, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

स्थानिक संस्थांची घडण

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांस दूरध्वनीचे पेटंट १८७६ साली मिळाले. बेल यांच्या मुख्य पेटंटांची मुदत १८९३ आणि १८९४ मध्ये संपली, आणि त्यानंतर देशभर हजारो स्वतंत्र कंपन्या निघाल्या. मोठ्या कंपनीचे लक्ष शहरांकडे होते. शहरात एक मैल तार टाकली की शेकडो ग्राहक मिळतात. शेतवस्तीत तेवढ्याच तारेवर दोन-तीन घरे. व्यापारी दृष्टीने पाहता हा सौदा आतबट्ट्याचा. म्हणून अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनीच वर्गणी काढून खांब रोवले. काहींनी तर कुंपणाच्या काटेरी तारेचाच दूरध्वनीच्या तारेसारखा उपयोग करून घेतला.

या प्रयत्नांस सरकारी भांडवलाची जोड मिळाली ती २८ ऑक्टोबर १९४९ रोजी. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ग्रामीण विद्युतीकरणाच्या कायद्यातील दुरुस्तीवर सही केली आणि ग्रामीण दूरध्वनीकरिता अल्प व्याजाने दीर्घ मुदतीची कर्जे देण्याचा मार्ग मोकळा झाला. या कर्जांवर अनेक सहकारी दूरध्वनी-संस्था उभ्या राहिल्या. आयोवा, मिनेसोटा, उत्तर व दक्षिण डाकोटा या भागांत अशा संस्था आजही काम करीत आहेत. त्यांची रचना आपल्या सहकारी पतसंस्थांच्या सभासदांस सहज समजेल अशी आहे. ग्राहक हाच सभासद आणि सभासद हाच मालक. वर्षाअखेर जी शिल्लक उरते ती ज्याने सेवेचा जितका वापर केला असेल त्या प्रमाणात त्याच्या खाती जमा होते. वार्षिक सभेत प्रत्येकास एक मत.

सवलत कशी जन्मास आली

१९३४ च्या संदेशवहन कायद्याने ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ हा आयोग स्थापन झाला. देशातील सर्व लोकांस, शक्य तेथवर, वाजवी दरात तार व दूरध्वनीची सेवा मिळावी हा हेतू त्या कायद्यातच नमूद आहे. परंतु तो हेतू सिद्धीस नेण्याकरिता पुढे कित्येक वर्षे निराळी अशी योजना नव्हती. दूरच्या कॉलचे दर चढे ठेवावयाचे आणि त्या उत्पन्नातून स्थानिक सेवेचे दर उतरते ठेवावयाचे, असा आतल्या आत मेळ घातला जाई. एका मालावरील नफ्यातून दुसऱ्या मालाचा तोटा भरून काढण्याचाच हा प्रकार होता.

१ जानेवारी १९८४ रोजी बेलची अवाढव्य यंत्रणा न्यायालयीन तडजोडीनुसार विभागली गेली. स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली आणि दूरची सेवा स्पर्धेस खुली झाली. दूरच्या कॉलचा नफा स्थानिक सेवेस पूर्वीसारखा मिळेनासा होताच घरगुती ग्राहकाचे बिल वाढणार हे उघड होते. त्या वेळी देशातील शेकडा सुमारे ९१ घरांत दूरध्वनी होता. उरलेल्यांत गरिबांचाच भरणा अधिक. वाढलेल्या बिलामुळे गरिबांची जोडलेली घरेही तुटतील या चिंतेतून आयोगाने १९८५ साली मासिक बिलात सूट देणारी ‘लाइफलाइन’ योजना सुरू केली. दूरध्वनी नव्याने बसविण्याच्या खर्चात मदत करणारी ‘लिंक-अप’ ही जोडयोजना १९८७ साली आली. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने या सर्वांस एका सार्वत्रिक सेवा निधीचे अधिष्ठान दिले, आणि त्याचा कारभार पाहण्याकरिता १९९७ साली नफा न कमावणारी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

सवलतीचे नियम

या योजनेतील व्यवहार वहीच्या भाषेत असा सांगता येईल : कंपनी पात्र ग्राहकाच्या खाती ठरलेली रक्कम जमा लिहिते आणि तीच रक्कम निधीच्या नावे टाकून निधीकडून वसूल करते. ग्राहकाच्या हाती रोख काही पडत नाही. त्याचे बिल तेवढे हलके होते. इंटरनेटचा समावेश असलेल्या सेवेस ही सूट दरमहा ९.२५ डॉलरपर्यंत आहे. डिसेंबर २०२० पासून केवळ बोलण्यापुरत्या सेवेस ती ५.२५ डॉलर झाली आहे. मूळ रहिवासी जमातींच्या राखीव प्रदेशात राहणाऱ्या पात्र कुटुंबांस दरमहा आणखी २५ डॉलरपर्यंत सूट मिळते.

पात्रतेच्या वाटा दोन. कुटुंबाचे उत्पन्न सरकारने ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत असावे, ही पहिली. कुटुंबातील कोणी अन्नसाहाय्य, मेडिकेड ही वैद्यकीय मदत, वृद्ध व अपंगांकरिता असलेले पूरक उत्पन्न, सरकारी घरभाड्याचे साहाय्य किंवा माजी सैनिकांचे विशिष्ट निवृत्तिवेतन घेत असावे, ही दुसरी. एका कुटुंबास एकच सवलत. येथे कुटुंब याचा अर्थ एका छपराखाली राहून उत्पन्न आणि खर्च सामाईक ठेवणारी माणसे. आपल्याकडील ‘एक चूल’ ही कल्पना त्यास जवळची आहे. एकाच घरात दोन स्वतंत्र चुली असतील तर त्या दोन कुटुंबे म्हणून निरनिराळा अर्ज करू शकतात.

मिळालेली सवलत आपोआप चालू राहत नाही. दरवर्षी पात्रतेची फेरतपासणी होते. सरकारी नोंदींवरून ती जुळली नाही तर ग्राहकास पत्र जाते आणि त्यास ६० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर न आल्यास सवलत बंद होते. कोणी पात्र उरला नसेल तर त्याने ३० दिवसांत कळविणे बंधनकारक आहे. ज्या सेवेचे मासिक बिलच आकारले जात नाही, ती सलग ३० दिवस न वापरल्यास १५ दिवसांची सूचना देऊन काढून घेतली जाते. यावरून सूचनापत्राचे महत्त्व लक्षात येईल. एक न उघडलेला लिफाफा एखाद्या वृद्ध विधवेची वर्षभराची सवलत घालवू शकतो.

सूचनापत्रकात काय असते

सवलतीच्या योजनेत भाग घेणाऱ्या संस्थेवर कायद्याने असे बंधन आहे की, आपली सेवा, तिचे दर आणि ही सवलत यांची जाहिरात तिने सर्वत्र खपणाऱ्या साधनांतून करावी, आणि ती अशा रीतीने करावी की पात्र माणसांपर्यंत ती पोचेल. म्हणून छोट्या गावांच्या वृत्तपत्रांत स्थानिक दूरध्वनी-संस्थेचे निवेदन वेळोवेळी छापून येते आणि बिलासोबतही पत्रक येते. त्यात मासिक दर, तातडीच्या ९११ क्रमांकाची सोय, दूरच्या कॉलवर अटकाव घालून घेण्याची सोय आणि सवलतीचा अर्ज कोठे करावा हे दिलेले असते. याशिवाय इतर सूचनाही असतात. त्यांपैकी काही व्यापाऱ्याने विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत.

पहिली सूचना विजेसंबंधी. तांब्याच्या जुन्या तारेवरील साध्या दूरध्वनीस लागणारी वीज केंद्रातील बॅटऱ्यांतून तारेवाटेच येत असे. घरातील दिवे गेले तरी तो चालू राही. काचतंतूच्या तारेतून प्रकाश वाहतो, वीज वाहत नाही. म्हणून तेथे घरच्या यंत्रास घरचीच वीज लागते आणि ती गेली की दूरध्वनीही मुका होतो. हे ग्राहकांस ठाऊक नसे. आयोगाने २०१५ साली नियम केला की, अशी सेवा विकताना आणि त्यानंतर दरवर्षी ग्राहकास ही गोष्ट स्पष्ट सांगावी आणि प्रथम आठ तास, पुढे चोवीस तास चालेल अशा पर्यायी बॅटरीची सोय विकत घेण्यास उपलब्ध ठेवावी. हा नियम दहा वर्षांकरिता होता.

दुसरी सूचना क्रमांक फिरविण्यासंबंधी. मानसिक संकटात सापडलेल्यांकरिता ९८८ हा तीन अंकी क्रमांक १६ जुलै २०२२ पासून देशभर सुरू झाला. ज्या भागांत ९८८ ने सुरू होणारे सात अंकी स्थानिक क्रमांक होते, तेथे घोटाळा होऊ नये म्हणून २४ ऑक्टोबर २०२१ पासून स्थानिक कॉललाही दहा अंक फिरविणे सक्तीचे झाले. हा बदल ८२ क्षेत्र-क्रमांकांत झाला. माणसास सवय बदलता येते. परंतु दुकानातील चोरीची सूचना देणारे यंत्र किंवा फॅक्स यांच्यात सात अंकी क्रमांक भरलेला असे, आणि तो कोणी मुद्दाम बदलल्यावाचून बदलत नसे. ज्याने पत्रक वाचले त्याने यंत्र दुरुस्त करून घेतले. ज्याने ते टाकून दिले त्याचे चोरघंटेचे यंत्र संकटाच्या वेळी कोणासच हाक मारू शकले नसते.

तिसरी सूचना खाजगीपणासंबंधी. ग्राहक कोणास, केव्हा, किती वेळ बोलतो याची नोंद संस्थेकडे असते. ती नोंद संस्थेने आपल्या इतर सेवांच्या विक्रीकरिता वापरू नये असे ग्राहकास वाटत असेल, तर तसे कळविण्याचा त्यास हक्क आहे, आणि या हक्काची सूचना त्यास ठरावीक काळाने द्यावी लागते. व्यापाऱ्याचे कोणाशी किती बोलणे होते यावरून त्याचा सारा धंदा ओळखता येतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

याखेरीज जमीन खणण्यापूर्वी ८११ वर कळवावे म्हणजे पुरलेल्या तारा-नळ्यांच्या खुणा करून मिळतात, हीही सूचना या पत्रकांत वारंवार आढळते. हा क्रमांक २००७ पासून देशभर चालू आहे.

पैसा येतो कोठून, गळतो कोठे

कोणतीही सवलत कोणाच्या तरी खात्यातून जाते. येथे ती दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून जाते. आंतरराज्य आणि परदेशी बोलण्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा त्यांस निधीत भरावा लागतो, आणि तो बहुधा ग्राहकाच्या बिलात निराळी बाब दाखवून वसूल केला जातो. या निधीतून गरिबांच्या सवलतीखेरीज खर्चिक ग्रामीण सेवा, शाळा व ग्रंथालये आणि ग्रामीण वैद्यकीय केंद्रे यांसही साहाय्य दिले जाते. २००० साली हिश्श्याचा दर शेकडा सहाच्या आसपास होता. २०२५ साली तो शेकडा ३६ च्याही वर गेला. याचे मुख्य कारण असे की, लोकांचा खर्च बोलण्यावरून इंटरनेटकडे वळला आणि इंटरनेटवर ही वर्गणी नाही. गिऱ्हाईक नव्या पेठेत गेले आणि जकातनाका मात्र जुन्याच पेठेच्या वेशीवर राहिला, अशी ही स्थिती आहे. अशी वर्गणी घेणे घटनेस धरून आहे की नाही असा वादही झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरविली.

गळतीही झाली, हे लपविण्याचे कारण नाही. २००८ नंतर मोबाइल कंपन्या या योजनेत मोठ्या प्रमाणावर उतरल्या आणि खर्च त्या वर्षीच्या सुमारे ८२ कोटी डॉलरवरून २०१२ पर्यंत सुमारे २२० कोटी डॉलरवर गेला. एका घरात दोन-दोन, तीन-तीन सवलती घेतल्याचे उघडकीस आले. त्यावर २०१२ साली आयोगाने नियम कडक केले, ग्राहकांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली आणि वार्षिक फेरतपासणी सर्वांस लागू केली. लिंक-अपची मदत राखीव प्रदेश वगळता बंद झाली. पुढे पात्रता तपासण्याचे काम कंपन्यांकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे देण्यात आले. कारण ज्यास प्रत्येक ग्राहकामागे पैसे मिळतात त्यासच ग्राहकाची पात्रता ठरवू देणे हे वजन करणाऱ्यासच माल विकू देण्यासारखे होते.

परंतु कडकपणाचीही किंमत पडते. आजही पात्र कुटुंबांपैकी निम्म्याहून कितीतरी कमी कुटुंबे ही सवलत घेतात. काहींस ती ठाऊक नाही, काहींस कागदपत्रे जमत नाहीत, काहींस फेरतपासणीचे पत्र कळत नाही. गैरफायदा घेणारा बाहेर ठेवावा तर अडाणी गरजूही बाहेर राहतो. दार सैल सोडावे तर लबाड आत शिरतो. या दोहोंच्या मध्ये उभे असते ते स्पष्ट भाषेतील सूचनापत्रक आणि ते समजावून सांगणारा स्थानिक कारकून.

सवलत किती अशाश्वत असू शकते हेही नुकतेच दिसून आले. महासाथीच्या काळात इंटरनेटच्या बिलात बहुतेक पात्र कुटुंबांस दरमहा ३० डॉलरपर्यंत सूट देणारी निराळी योजना ३१ डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली. तिच्याकरिता १,४२० कोटी डॉलर मंजूर होते. २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबे तीत सामील झाली. रक्कम संपली, नवी मंजुरी मिळाली नाही आणि १ जून २०२४ रोजी योजना बंद पडली. लाइफलाइन मात्र टिकली, कारण तिच्या पाठीशी एकवेळची देणगी नसून चालू वर्गणी आहे. धर्मादाय कामे मुदलातून चालवावीत की व्याजातून, हा आपल्या विश्वस्त मंडळींचा जुना प्रश्न येथेही तितकाच लागू पडतो.

आपल्याकडील व्यवस्था

भारतातही असा निधी आहे. परंतु त्याची दिशा निराळी. १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी अस्तित्वात आला आणि कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के आकारणीतून तो उभा राहिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्यास ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. हा पैसा मुख्यतः दुर्गम भागांत तारा आणि मनोरे उभारण्याकडे जातो. अमेरिकेप्रमाणे गरिबाच्या बिलात दरमहा सूट लिहिण्याकडे जात नाही. आपल्याकडे सामान्य माणसास आधार मिळतो तो मुख्यतः दरांतील स्पर्धेचा आणि नियामक प्राधिकरणाच्या नियमांचा. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने असा नियम केला की, ज्यास इंटरनेट नको त्याच्याकरिता केवळ बोलणे आणि लघुसंदेश यांचे निराळे व्हाउचर प्रत्येक कंपनीने ठेवावे. दुकानातील हमाल, घरातील मोलकरीण, गावाकडील वृद्ध आई-वडील यांस या व्हाउचरचा उपयोग होण्यासारखा आहे; परंतु मागितल्यावाचून ते कोणी दाखवील अशी अपेक्षा करू नये.

अमेरिकेच्या अनुभवावरून आपल्या सभासद बंधुभगिनींनी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात अशी विनंती आहे. दूरध्वनी-कंपनीकडून आलेली सूचना, मग ती कागदावर असो वा संदेशाने आलेली असो, वाचल्यावाचून टाकू नये. मात्र कोणी सूचनेच्या नावाखाली गुप्त क्रमांक वा पैसे मागत असेल तर ती सूचना नव्हे, फसवणूक होय. दुकानात काचतंतूची जोडणी घेतली असल्यास विजेच्या पर्यायी सोयीची व्यवस्था करावी. तक्रार केल्यास तक्रारीचा क्रमांक रोजकीर्दीप्रमाणे टिपून ठेवावा. तेथे दाद न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि तेथे हा क्रमांकच कामास येतो. आणि शेवटची गोष्ट अशी की, आपल्या पेढीवरील ज्या माणसास ही पत्रे वाचता येत नाहीत, त्यास वर्षातून एकदा बसवून ती समजावून सांगावीत. त्यास तासाभराहून अधिक वेळ लागत नाही, आणि त्यामुळे ज्याचा दूरध्वनी चालू राहील तो माणूस आपल्यालाही गरजेच्या वेळी सापडेल.